सुतभर रेस

गाडी मी हौसेनं शिकले न्हाई. ह्यांच्या मणक्यात गाठ निघाली आणि दर मंगळवारी बेळगावच्या दवाखान्यात इंजेक्शनाला न्यायची पाळी आली, म्हणून शिकले. बसची पायरी चढवत नव्हती, रिक्षात पाठ टेकवत नव्हती. गाडीवर दोन्हीकडं पाय टाकून माझ्या पाठीवर ओणवं झालं, की तेवढंच ह्यांना सोसायचं. तोल जाऊ नये म्हणून जुन्या लुगड्यानं दोघांच्या कमरा एकत्र बांधायची. गल्लीतल्या बाया बघत उभ्या राहायच्या. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

ह्यांची मोटरसायकल मला पेलायची न्हाई. ती देऊन बिनगिअरची, बिनक्लचची गाडी घेतली. पळवायला सोपी, पण हळू चालवायला लई वंगाळ. रेस पुरी सोडली की इंजिन सुटतं, गाडी मोकळी पडून डुलती. परत दिली की हिसका. तो हिसका थेट ह्यांच्या मणक्यात जायचा आणि माझ्या मानेवर कण्हणं यायचं. मी रस्त्याला शिव्या द्यायची, खड्ड्यांना द्यायची, देवालाही सोडलं न्हाई.

"रेस सोडू नगंस गं," हे मागनं सांगायचे. "सुतभर धर. जोर डाव्या हातच्या ब्रेकनं मार."

सगळा जन्म ह्यांनी उद्यमबागेत फाउंड्रीत काढला, क्लचच्या गाडीवर जाऊन-येऊन. एका मंगळवारी तिथनंच जाताना घात झाला. शिफ्ट सुटली होती, चारी बाजूंनी मोटरसायकली अंगावर आल्या. मी घाबरले. ह्यांच्या तोंडातनं जुन्या सवयीनं निघालं, "क्लच दाब, क्लच दाब."

मी डावा हात आवळला. ह्या गाडीला तिथं ब्रेक. गाडी जाग्यावर थटली आणि आम्ही लुगड्यात बांधलेले, दोघंही आडवे. ह्यांच्याच फाउंड्रीतल्या लोकांनी गाठ सोडून उचललं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याचं असेल, किंवा त्या लोकांनी बघितलं त्याचं.

त्या दिवसापासनं हे गाडीवर एक शब्द बोलेनात. चूक माझ्या तोंडाची, म्हणाले, आता तोंड बंद. मला त्याचाच जास्त राग आला. रोज सकाळी भाताचं पोतं मागं बांधून शाळेच्या मैदानात घिरट्या घालायला लागले. सुतभर रेस, सुतभर ब्रेक, पाय वर. पोतं कलंडलं की परत बांधायचं. दीर म्हणाला, "वैनी, सर्कशीत जाणार काय?" म्हटलं, जाते, तू ये अस्वल म्हणून. हसायचे ते हसले. मला एवढंच पाहिजे होतं, की निदान जाण्या-येण्यात तरी ह्यांचा जीव कळवळू नये.

मागच्या मंगळवारी डॉक्टरनं मला एकटीला आत बोलावलं. "ताई, आता आणू नका. उगीच त्रास. काय खावंसं वाटतंय ते द्या," म्हणाला. मी मान हलवली. बाहेर ह्यांनी विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, तब्येतीचं विचारत होता. लुगडं बांधलं आणि निघाले.

रेल्वे गेट नुकतंच उघडलं होतं. पुढं ट्रक, बाजूला रिक्षा, सगळं मुंगीच्या पावलानं. मी रेस सुतभर धरली, ब्रेक सुतभर धरला. रूळ गेले, खड्डे गेले, पाय कुठं टेकला न्हाई. मागनं कण्हणं आलं न्हाई. गेट ओलांडल्यावर ह्यांनी किती दिवसांनी तोंड उघडलं.

"आज एक धक्का बसला न्हाई बघ. जमलं तुला." मग म्हणाले, "आता येत्या मंगळवारची मला भीती न्हाई."

"व्हय," म्हटलं.

रस्ता पुढं मोकळा होता, तरी मी वेग वाढवला न्हाई. उजव्या हातात रेस, डाव्यात ब्रेक. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.