उजवीकडच्या सहा पट्ट्या

गल्लीत त्याला सगळे 'सूतभर' म्हणत. लोखंड ओतण्यासाठी लागणारे लाकडी साचे करण्यात त्याची फाउंड्रीत अडतीस वर्षं गेली होती. दाराची चौकट असो की भिंतीवरचं कॅलेंडर, तो आधी एक डोळा मिटून बघायचा आणि मग सांगायचा, "सूतभर फरक आहे." बहुतेक वेळा तो असायचाही, म्हणून लोकांना जास्तच राग यायचा.

त्याला नाद एकच, लाकडाची छोटी शिडाची जहाजं करायचा. या नादातला जोडीदार म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. धाकटा शिंपी, दोन रस्ते पलीकडे त्याचं दुकान. रविवारी सकाळी तो यायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघे समोरासमोर बसायचे. मध्ये जहाजाचा सांगाडा, खाली कणा आणि त्यावर उभ्या फासळ्या. फासळ्यांवर बारीक पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून चिकटवायच्या. उजवी बाजू थोरल्याची, डावी धाकट्याची. नियम एवढाच की इकडे एक पट्टी लावली की तिकडे एक. वाळताना पट्टी कण्याला आपल्याकडे ओढते. दोन्हीकडची ओढ सारखी असली तरच कणा सरळ राहतो. अशी सात जहाजं त्यांनी केली. बोलणं फारसं नसायचंच. "तुझी पाळी," असं म्हणून एक जण गोंदाची बाटली पलीकडे सरकवायचा.

आठव्या जहाजाला दोन्हीकडे पाच-पाच पट्ट्या लागल्या होत्या, तेव्हा आई गेली. शेवटचे तीन आठवडे ती थोरल्याकडे अंथरुणाला खिळून होती. धाकटा एकदाच आला आणि दारातूनच परत फिरला. ती गेल्याचा निरोप पहाटेच धाडला होता, तरी तो पोहोचला दुपारी. थोरला आधीच शिणलेला. भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला, "पाहुण्यासारखा आलास, पाहुण्यासारखाच जा." धाकट्याने मान वर केली नाही. त्या रविवारी तो आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

अशा वेळी माणूस एकतर जाऊन भेटतो, नाहीतर जहाज उचलून माळ्यावर टाकतो. सूतभरने तिसरंच केलं. तो दर रविवारी टेबलाशी बसून आपल्या बाजूला एक पट्टी लावत राहिला. डावीकडेही तुम्हीच लावा की, असं बायकोने सुचवलं, तर ती बाजू माझी नाही, म्हणाला. लाकडात जन्म काढलेल्या माणसाला याचं पुढे काय होणार हे कळत नव्हतं थोडंच? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपली बाजू उघडी पडलीय हे धाकट्याच्या कानावर जाईल आणि त्याला राहवणार नाही, असा त्याचा हिशेब. कानावर घालणार कोण, याचा विचार मात्र त्याने केला नव्हता.

सहावी पट्टी वाळल्यावर त्याने जहाज उचललं आणि एक डोळा मिटला. कणा चांगला दोन सूत, म्हणजे पाव इंच, उजवीकडे वळला होता.

"अहो, आपलेच दात, आपलेच ओठ," बायको म्हणाली. "किती दिवस चावत बसणार?"

त्याच दुपारी त्याने जहाज टॉवेलात गुंडाळलं आणि सोबत एक पँट घेतली, आखूड करून आणतो म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं.

धाकटा मशीनवर होता. त्याने पँट हातात घेतली, दादाच्या पायांकडे एक नजर टाकली आणि ती घडी करून बाजूला ठेवली. पँट बरोबर मापाची होती. शिवलीच त्याने होती. मग त्याने टॉवेल सोडला, जहाज उचललं आणि एक डोळा मिटला, अगदी थोरला मिटतो तसाच.

"किती जास्त लावल्यास?"

"सहा."

"काढून टाक."

"फासळ्या तुटतील," थोरला म्हणाला. मग जे बोलायला आला होता ते खाली बघतच बोलला. "मी तसं म्हणायला नको होतं. चारचौघांत तर नकोच."

धाकट्याने जहाज पुन्हा टॉवेलात गुंडाळून दिलं. थोरला पँट आणि जहाज घेऊन घरी परतला. रविवारी सकाळी मात्र दाराशी धाकट्याच्या चपला वाजल्या.

पुढचे सहा रविवार धाकटाच पट्ट्या लावत होता. थोरल्याची पाळी येत नव्हती. त्याने पाणी गरम करायचं, चिमटे धरायचे आणि बाकी वेळ हात मांडीवर ठेवून बसायचं. जन्मभर दुसऱ्याच्या कामात खोट काढलेल्या माणसाला ही शिक्षाच होती, आणि ती त्याने हूं की चूं न करता भोगली. डावीकडच्या पट्ट्या वाळत गेल्या तसा कणा हळूहळू मागे आला, पण पुरता आला नाही.

"सूतभर राहिलंय," शेवटी थोरला म्हणाला.

"राहू दे." धाकटा बोटांचा गोंद फडक्याला पुसत होता. "दादा, निरोप मला सकाळीच मिळाला होता. दुकानाचं शटर ओढून आत बसून होतो. तिला तसं बघायची हिंमत होत नव्हती."

तीन आठवडे आईची कूस बदलताना थोरल्यालाही रोज त्या खोलीतून पळून जावंसं वाटायचं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"मलाही बघवत नव्हतं," तो म्हणाला.

धाकट्याने गोंदाची बाटली पलीकडे सरकवली. "तुझी पाळी."

थोरल्याने बारावी पट्टी पाण्यातून काढून फासळ्यांवर टेकवली, पण टोक काही जागेवर बसेना. तेव्हा धाकट्याने टेबलावरून वाकून ते टोक धरलं. इतक्या वर्षांत उजव्या बाजूच्या कामाला त्याचा हात लागायची ही पहिलीच वेळ होती. पट्टी वाळेपर्यंत दोघांनी ती तशीच धरून ठेवली.