अर्धी पोती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

शिरपुरात मला सगळे 'विमानवाले आबा' म्हणतात. सव्वीस जानेवारीला शाळेत शाल-नारळ मिळतो. मीही छाती फुगवून सांगतो — एकाहत्तरची लढाई, पूर्वेकडचा मालवाहू विमानांचा तळ, दिवसभर उडणाऱ्या दोन स्क्वाड्रन. खरं तर मी विमानात कधी बसलोच नाही. आम्ही पायदळातली माणसं, धावपट्टीच्या कडेला पोती भरणारी. पण हे खोटं लहान. मोठं वेगळंच आहे.

डोंगरातल्या चौक्यांना तांदूळ विमानातून टाकायचा, पॅराशूटशिवाय. म्हणून पोतं अर्धंच भरायचं, दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालून शिवायचं. मग आपटलं तरी फुटत नाही. माझा सोबती त्र्यंबक, साक्रीकडचा, हुद्द्याने नाईक होता. पोत्यांच्या ढिगाची जबाबदारी त्याची. त्या दिवशी तापाने फणफणला होता, तरी थोडी पोती त्याने भरली. "अर्धंच भरजो रे भाऊ," एवढं बजावून आडवा झाला.

आणि मी? आमच्या खळ्यावर पोतं ठोकून ठोकून भरतात, अर्ध्या पोत्याला लोक हसतात — असं म्हणून मी सुटू शकतो का? नाही. कंटाळा आला होता. गच्च भरली की शिवायला कमी लागत होती, बस्स.

ती फुटली. चौकीवरचे उपाशी जवान दगडांतून तांदूळ वेचत बसले. कोणी भरली, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी बुटांकडे पाहत राहिलो. त्र्यंबकला तापात काही आठवतच नव्हतं. "मन्हाच हात चुकना रे," संध्याकाळी तो मला म्हणाला. मी — मी त्याच्या पाठीवर हात ठेवला! त्याची नाईकाची फीत गेली, ती पुन्हा मिळाली नाही.

गेल्या महिन्यात तो वारला. साक्रीला भेटायला गेलो, तर त्याच्या मुलीने विचारलं, "काका, खरं सांगा, ती चूक मन्हा बापनीच व्हती का? जनमभर मनले लायी बसनात ते."

आणखी काय हवं होतं मला? तोंड उघडायचं, एवढंच.

"लढाईमा चुका व्हतसच, माय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. पदराने डोळे पुसून माझ्यासाठी चहा ठेवला.

पोती मी भरली होती. तो चहा मी पूर्ण प्यालो आणि निघालो.