उरलेली पट्टी

सुरुंग शोधणाऱ्या पथकाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. तिचा धाकटा दीर त्याच पथकात होता, आणि त्याच्या तोंडची हाक सगळ्यांनी उचलली होती. आठ वर्षं तिच्याकडे एकच काम होतं. यंत्राच्या खालच्या चकतीपासून वरच्या डब्यापर्यंत जी केबल जाते, तिच्या टोकाचा प्लग. ओढाताणीने तो आतून तुटायचा. मग केसासारख्या तारा सोलायच्या, पाच पिनांना सोल्डर करायच्या, केबल एका बारीक पट्टीने आवळायची आणि वरून टोपण फिरवायचं. पट्टी लावायची राहिली, तर सगळा ताण सोल्डरवर.

त्या दिवशी तीन यंत्रं घेऊन गाडी गेली. तिने टेबल पुसायला घेतलं आणि फडक्याखालून एक पट्टी निघाली. सकाळी तिने तीनच काढल्या होत्या. म्हणजे एका यंत्रात पट्टी बसलीच नव्हती.

फोन कुणाचाच लागेना. कार्यशाळेचा मुकादम म्हणाला, "अगं, सुरू करताना तपासतात ना ते!"

"तेव्हा वाजेल हो. तासाभराने तार सुटली तर? मुकं यंत्र आणि साफ जमीन, दोन्ही सारखीच गप्प."

मुकादमाने स्कूटरची किल्ली पुढे केली.

वाटेत ती पुन्हा पुन्हा सकाळ आठवत होती. पहिल्याचं टोपण फिरवलं, मग फोन वाजला, मग... कुठल्या यंत्राच्या वेळी वाजला? दिराचं दुसरं होतं की तिसरं? घरी जाऊबाईला सातवा महिना होता. वहिनीच्या हाताला इतका घाम सुटला की मूठ निसटायला लागली.

पांढऱ्या खुंट्यांपाशी तिला थांबावं लागलं. पलीकडे दीर गुडघ्यावर बसून जमीन टोचत होता. हाक मारायची सोय नव्हती, दचकला तर? तिने दोन्ही हात वर केले आणि तशीच उभी राहिली. पथकाचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांची नजर वळेपर्यंत तिचे दंड भरून आले. त्यांनी शिट्टी दिली. माणसं एकेक पाऊल टाकत बाहेर आली.

तिने तिथेच बसून प्लग उघडले. दिराच्यात पट्टी होती. दुसऱ्यातही. तिसरं यंत्र मास्तरांचं. टोपण फिरवताच तार पिनेवरून अलगद बाजूला झाली.

"माझ्या हातून राहिली, मास्तर."

मास्तरांचा चेहरा उतरला. सकाळपासून तपासलेल्या जमिनीच्या पट्ट्याकडे ते बघत राहिले. त्याच जमिनीवरून ते दहादा ये-जा करून आले होते. मग म्हणाले, "पुन्हा करू. पहिल्यापासून."

दिराच्या यंत्राने तो पट्टा पुन्हा तपासला. मधोमध यंत्र किंचाळलं. वहिनीने डोळे मिटून घेतले. अर्ध्या तासाने दिराचा आवाज आला, "वहिनी, डब्याचं झाकण आहे गं! गंजलेलं!"

सगळे सुटल्यासारखे हसले. तिला हसू येईना. सकाळी त्याच जागेवरून यंत्र मुकाट्याने पुढे गेलं होतं, आणि तिथे झाकणच होतं हा तिचा काही पराक्रम नव्हता.

"उद्यापासून दुसरं कुणी बघा," ती म्हणाली.

"दुसरं कोण असं धावत आलं असतं?" मास्तर म्हणाले. "पण यापुढे टोपण लावण्याआधी प्लग मला दाखवायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्मा पुसत तिच्या टेबलाशी बसले. वहिनीने उघडा प्लग त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पट्टी बघितल्यावरच तिने टोपण फिरवलं.