लालीबाईचे सांजेचे दळण

पुसदकडच्या डोंगरात, बैलगाडीची वाट संपल्यावरही कोसभर चालले, की पूनमसिंग नाईकांचा तांडा लागे. दारूबंदीचा कायदा जिल्ह्यात आलेला होता. पण तो डोंगर चढून वर येईपर्यंत मोहाची भट्टी विझलेली आणि पिणारे निजलेले असत. ज्यांनी आपण होऊन दारू सोडली, त्यांच्याकडे मात्र कायद्याचेही लक्ष नव्हते. त्यांना सांभाळायचे काम लालीबाईने स्वतःकडे घेतले होते.

लालीबाई पन्नाशीची विधवा. बांधा दणकट, आवाज त्याहून दणकट. तिच्या नवऱ्याने आयुष्यभर दारू सकाळी सोडली आणि संध्याकाळी धरली. तो गेल्यावर या अनुभवातून तिने एकच निष्कर्ष काढला. दारू सोडायची शपथ घ्यायला कोणी आला, की ती म्हणे, "सकाळी सारेच शहाणे असतात. सांजीले ये, अन् ज्वारी घेऊन ये."

कारण तिच्या अंगणात दळायची तीन जाती मांडलेली होती. जात्याला पुरुषाने हात लावणे ही तांड्यात हसण्याचीच गोष्ट. बायका दळत त्या पहाटे. हे गडी बसत दिवेलागणीला, नेमक्या भट्टीच्या वेळेला. एका जात्यावर दोघे, समोरासमोर, एकाच खुंट्याला धरून. एकाचे मन भट्टीकडे वळले, की खुंटा जड होई आणि दुसऱ्याला ते लगेच कळे. दळण सरेपर्यंत हात गळून जात आणि भूक कडकडून लागे.

पहिले काही दिवस गडी पागोट्याच्या पदराने तोंड झाकून येत. "आल्या पाहा दळनवाल्या सुना!" अशी टवाळी होई. पुढे तेच एकमेकांचे पीठ चिमटीत धरून "तुयं जाडं, मायं बारीक" असे भांडू लागले, तेव्हा त्यांच्या बायकांनी निर्धास्तपणे हसून घेतले.

सगळेच टिकले असे नाही. बाबूसिंग एकदा पुन्हा भट्टीवर गेला. दुसऱ्या सांजेला लालीबाई त्याच्या दारात उभी. का प्यालास, हे तिने विचारले नाही.

"लखीराम एकटाच जातं ओढून राह्यला. हात भरून आला त्याचा. चाल."

बाबूसिंग ज्वारीची टोपली उचलून निघाला.

या लखीरामच्या मुलीची सगाई ठरली. तांड्याची रीत अशी, की दोन्ही बापांनी एकाच वाटीतून दारूचा घोट घ्यायचा आणि मग गूळ वाटायचा. घोट नाही तर सोयरीक नाही. लखीराम लालीबाईकडे आला. सारा तांडा तिला याडी म्हणजे आई म्हणे, तोही तसेच म्हणाला, "याडी, घोट घेतला तं मी गेलो. नाही घेतला तं पोरीचं गेलं. काय करू?"

"मले नाही माहीत, बापू," लालीबाई म्हणाली. "पन वाटी येईन तवा मी तुया मागंच बसीन."

पाहुणे आले ते दिवस कलताना. मुलाचा बाप हरिसिंग याने भरला घोट घेऊन वाटी पुढे केली. लखीरामने ती हातात धरली, वास घेतला, आणि अलगद जमिनीवर ठेवून तो उठून चालता झाला.

भरली वाटी जमिनीवर ठेवणे म्हणजे सोयरीक नाकारणे. हरिसिंगने जोडे शोधायला सुरुवात केली. "घरी बोलावून अपमान करता? आमचा पोरगा कायले नको म्हने हा?"

"पोराले नाही भेला तो, वाटीले भेला," लालीबाई म्हणाली. "कान द्या जरा."

पलीकडे लालीबाईच्या अंगणातून जात्याची घरघर येत होती. हरिसिंगची बायको झमकीबाई उठून पाहायला गेली. नव्या कोऱ्या पागोट्यावर पिठाचा थर चढलेला, आणि लखीराम बाबूसिंगसमोर बसून दात-ओठ खाऊन जाते ओढत होता.

"काहून हो इवाई, रोज दळता?" तिने होणाऱ्या व्याह्याला विचारले.

"रोज."

"अन् पोरगी?"

"ते याच्याहून बारीक दळते."

झमकीबाई पदर तोंडाशी धरून परत आली. "जोडे ठेवा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या मानसानं पोरीच्या सगाईतबी घोट नाही घेतला. त्याची पोरगी आपल्या पोराले सरळ ठेवीन. मले तं तुमाले सरळ ठेवनं जमलं नाही."

पाहुण्यांत हशा पिकला. हरिसिंग ओशाळला, तरी अडला. "पन रीत? घोट कोन घेईन?"

पूनमसिंग नाईक घसा खाकरून पुढे सरले. "नाईक म्हंजे साऱ्या तांड्याचा बाप. मुलीच्या बापाचा घोट माया." आणि ही जबाबदारी त्यांनी एका दमात पार पाडली.

"नाईक," लालीबाई शांतपणे म्हणाली, "उद्या सांजीले ज्वारी घेऊन येजा."

मग गुळाचे ताट उचलून ती आपल्या अंगणात, जात्यापाशी गेली. लखीरामने मान वर केली. त्याला विचारायचा धीर होईना. दोन्ही हात पिठाने माखलेले पाहून तिने गुळाचा खडा त्याच्या तोंडातच घातला.

"जमलं?" त्याने भरल्या तोंडाने विचारले.

"जमलं. अर्धी टोपली राह्यली अजून, थांबू नका."