वन्संचं मशीन

आमच्या वन्संच्या तोंडाला फारसं कोणी लागत नसे. ज्यांना हौस होती ते एकदा लागून गेले होते, आणि त्यातल्या एकाचा समोरचा दात अजून नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शेजारणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "नणंद चिडली की आधी तिच्या हातात काय आहे ते बघ, मग पळ." मी कसली पळतेय. माझ्याही नाकावरच राग. पहिल्याच महिन्यात एका स्टुलावरून आमचं वाजलं, दोघींनी दोन बाजूंनी ओढून ते मोडलं, आणि तिथून पुढे आमचं झकास जमलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला वन्संनीच वाढवलं, बसडेपोच्या कँटीनमध्ये भांडी घासून. भाऊ पुढे त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाला, मी वन्संच्या शेजारच्या सिंकवर उभी राहिले. आणखी दोघी होत्या, पण मोजायच्या म्हणजे आम्हीच. दुपारी आठशे ताटं. कढत पाणी, त्यात मूठमूठ सोडा, आणि त्यात कोपरापर्यंत हात.

तिथल्या आचाऱ्याला आम्ही पाठीमागे रेडा म्हणायचो. करपलेलं पातेलं आणून ठेवणं त्याला माहीतच नव्हतं. तो ते दारातूनच सिंकमध्ये फेकायचा, आणि सोड्याचं पाणी उडून आमच्या डोळ्यांत जायचं. एकदा वन्संनी तेच पातेलं उलट फेकलं. कपाळाला चार टाके पडले त्याच्या. तेव्हापासून वन्संच्या सिंकमध्ये तो काही फेकायचा नाही, माझ्या सिंकमध्ये दुप्पट फेकायचा.

वन्संना रेड्याने नाही, सोड्याने खाल्लं. उजव्या हाताची कातडी फाटली, नखं काळी पडली, तीन बोटं सुजून त्यातून पू यायला लागला. रबरी हातमोजे घालून पाहिले, तर आत घाम साचून जास्तच सडायचं. शेवटी मी त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हात त्या पाण्यातून बाहेर काढा. नाहीतर सहा महिन्यांत ही तीन बोटं मला कापावी लागतील."

"आणि काम?"

"दुसरं बघा."

"तुम्ही देता का दुसरं?" वन्सं अशा काही पुढे झुकल्या की डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली.

 घरी उंबऱ्यात चप्पल काढताना वन्सं म्हणाल्या, "बोटंही राहणार आणि कामही राहणार." दुसऱ्या दिवशी मॅनेजरपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि भांडी धुण्याचं मशीन मागितलं. मॅनेजर हसला. "नवं काही मिळायचं नाही. तुम्ही कुठून आणलंत तर कोपरा देतो, वीज देतो." त्याने चेष्टा केली होती. वन्संना चेष्टा कळत नाही.

स्टेशनजवळचं एक मोठं हॉटेल त्याच सुमारास बंद पडलं होतं आणि त्याचं सगळं सामान भंगारवाल्याकडे गेलं होतं. आम्ही तिघं तिथे पोचलो तेव्हा मशीन आवारात आडवं पडलेलं. पाठीवरच्या पट्टीवर साल कोरलेलं होतं, बेचाळीस वर्षांपूर्वीचं. माझ्या नवऱ्याहून मोठं. दार एका बिजागरीवर लोंबत होतं आणि आतलं तांबं काढायला एक माणूस घण घेऊन त्यावर तुटून पडला होता.

"थांब," वन्सं म्हणाल्या. तो थांबला नाही. दुसरा घाव दाराच्या कडेला बसला. तिसरा उचलला तेव्हा वन्संनी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. घण पडला तो माझ्या पायावर. अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. त्याच्या जोडीदाराने वन्संचे केस धरले, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि हाताला लागलेला नळीचा तुकडा मी त्याच्या नडगीवर घातला. आणि आमचे हे, बिचारे, मध्ये उभं राहून सांगत होते, "अहो, आम्ही विकतच घ्यायला आलोय." भंगारवाला बाहेर आला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि लोखंडाच्या भावात देऊन टाकलं. "पण आत्ताच्या आत्ता न्या," म्हणाला.

पुढचे तीन आठवडे ड्यूटी सुटली की वर्कशॉपच्या मागे आमची जत्रा. मशीनच्या आत पाण्यातल्या क्षाराचा बोटभर थर बसला होता. कढत पाण्यात लिंबूसत्त्व घालून तो भिजवायचा आणि मग छिन्नीने फोडायचा. वन्सं डाव्या हाताने हातोडी चालवायच्या आणि तोंडाने शिव्या, जसा काही रेडाच आत दडून बसलाय. पंपाचं सील बसच्या रबरातून कापलं. मोटर नव्याने गुंडाळून आणली. आत वरखाली पाणी उडवणारे दोन पोकळ दांडे असतात, त्यांचं एकेक भोक मी दाभणाने मोकळं केलं. दार सरळ करायला मात्र नवऱ्याला दोन दिवस घण घालावा लागला.

दाराचा स्विच तेवढा गेला तो गेला. दार उघडं असलं की मशीन चालू होऊ नये म्हणून तो असतो. घणाच्या घावात त्याचा चुरा झाला होता, आणि तसला स्विच बनवणारं आता कोणी उरलं नव्हतं. मग नवऱ्याने आमच्या घरचा उपाय केला: दोन वायरी पिळल्या, वर चिकटपट्टी. डायरेक्ट. आमच्या घरात इस्त्री डायरेक्ट, पंखा डायरेक्ट, मिक्सर डायरेक्ट. आजवर कोणी मेलं नव्हतं. त्याने मला स्वतःची शपथ घातली. "दार लागल्याशिवाय हिरव्या बटणाला हात लावायचा नाही." मी शपथ घेतली. वन्संनी नाही घेतली, कारण बटण माझ्याकडे असणार होतं आणि ताटं त्यांच्याकडे.

पहिल्या दिवशी अठरा ताटांचा ट्रे आत गेला आणि दोन मिनिटांत वाफाळत बाहेर आला. वन्संनी एक ताट उचलून निरखलं आणि ओट्यावर असं आपटलं की त्याला पोचा आला. खूश होत्या. दोन महिन्यांत त्यांच्या हाताला नवी गुलाबी कातडी आली. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, वाकवून पाहिली. "वाचली," म्हणाले. त्या दिवशी वन्संनी माझ्यासाठी रिक्षा केली. आयुष्यात पहिल्यांदा.

पण मशीन गरम पाणी फार प्यायचं. बॉयलर एकच. एके दुपारी रेड्याच्या नळाला गार पाणी आलं, जेवण अर्धा तास लांबलं आणि मॅनेजरने भरल्या कँटीनमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर त्याचा पाणउतारा केला. तो सरळ आमच्याकडे आला. हातात लोखंडी झारा. पहिला घाव वन्संच्या खांद्यावर. त्या भिंतीवर आदळून खाली बसल्या. मी मध्ये गेले तर मला कोपर मारून सिंकवर फेकलं, माझी भुवई फुटली. मग झारा टाकून त्याने मशीनचं दार उघडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि वरचा दांडा मुळासकट उपटायला लागला. तो भोकाभोकाने मोकळा केलेला दांडा वाकताना मी पाहिला.

बटण माझ्या हाताशी होतं. शपथ मला आठवत होती, खोटं कशाला बोलू. मला तो भाजायला हवा होता. मी दाबलं.

उकळतं पाणी वरून खालून सुटलं. तो गुरासारखा ओरडला. लाल बटण हिरव्याच्या शेजारीच असतं. ते मी लगेच दाबलं नाही. त्याचं ओरडणं मला गोड लागत होतं, मी ते ऐकत उभी राहिले. मग त्याने हात उपसला, बाजूला कोसळला, आणि त्याच्या त्या रुंद पाठीमागे काय होतं ते मला दिसलं. वन्सं केव्हाच उठून पलीकडून आल्या होत्या. तो दांडा उपटत होता आणि त्या धरून ठेवत होत्या, उजव्या हाताने. वाकलेल्या दांड्यात आणि ट्रेमध्ये त्यांची बोटं अडकली होती. त्या ओरडल्या नव्हत्या, कारण दातांत त्याच्या सदऱ्याची बाही होती. डावा हात उजव्याला सोडवायला आत गेलेला.

तेव्हा मी लाल बटण दाबलं.

दवाखान्यात पोलीस आले. रेडा म्हणाला, बटण कोणी दाबलं ते त्याने पाहिलं नाही. वन्सं म्हणाल्या, "माझंच कोपर लागलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोवळी कातडी होती, तिने तग धरला नाही. डॉक्टरांनी तीच तीन बोटं कापली. रेडा काम सोडून गेला. नवऱ्याने दांडा सरळ केला, कुठूनसा दुसऱ्या मशीनचा स्विच आणून जुळवून बसवला, आणि मशीन चाललं. कँटीनमधल्या बाकी दोघींचे हात आता बघा, नव्या नवरीसारखे आहेत.

वन्संचे दोन्ही हात बांधलेले, म्हणून महिनाभर मीच भरवलं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मीच रोज सांगून टाकायचं ठरवायचे आणि घास पुढे करायचे.

डाव्या हाताची पट्टी सुटली त्या दिवशी मी ताट घेऊन बसले होते. वन्संनी तो हात वर केला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या थोबाडीत अशी ठेवून दिली की ताट उडालं, मी भिंतीला लागले. कानात नुसतं गुणगुणत होतं. मी उठले, सांडलेलं भरलं, दुसरं ताट वाढून आणलं आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. आता त्यांचं त्यांना जेवता येत होतं.

त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"भरव," म्हणाल्या.