पन्हळ ऐकणारे अण्णा

हुबळीजवळ तारिहाळला असलेल्या आमच्या कारखान्याचं छप्पर गेल्या फेब्रुवारीत, एका बुधवारी दुपारी कोसळलं. खाली एकच माणूस होता. देखभाल बघणारे अण्णा. ते जागीच गेले.

अण्णा मूळचे निपाणीकडचे, राहायला हुबळीत केशवापूरला. शेडचे पत्रे त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले होते. पाऊस आला की ते फाटकापाशी जात आणि रस्त्यावरच्या माणसांना आत बोलावत. मालकांनी एकदा हटकलं, तेव्हा म्हणाले, "पत्रा काय झिजतोय का? उभी राहू देत."

दुसरी सवय ऐकण्याची. दोन उतारांच्या मधल्या पन्हळीतून पाणी वाहतंय की तुंबलंय, हे त्यांना खालून, आवाजावरून कळे. अण्णांना बायकोची हाक ऐकू येत नाही, पन्हळ तेवढी येते, अशी आम्ही चेष्टा करायचो. ते हसत, पण कान वरच असे.

त्या बुधवारी गारा आल्या. हुबळीत गारा पडतात त्या मुलांनी वाटीत गोळा कराव्यात इतक्या. या थांबेनात. अण्णांनी नेहमीप्रमाणे रस्त्यावरची माणसं आत घेतली. ती माणसं आणि अण्णा धरून आम्ही बावीस जण झालो. आवार पांढरं झालं. कुणी डब्याच्या झाकणात गारा झेलत होतं, कुणी फोटो काढत होतं. मग पत्र्यावरचा आवाज बसका झाला. बाहेर गारा तितक्याच जोरात पडत होत्या.

अण्णा बोलता बोलता थांबले. "पाणी वाहून जातं," ते मला म्हणाले. "हे वरच साचतंय."

त्यांनी सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. कुणी हललं नाही. एक भाजीवाली म्हणाली, "तुम्हीच बोलावलंत की हो अण्णा. आता डोकी फोडून घ्यायला बाहेर घालवता?"

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले, आणि मग बाहेर चला म्हणून कन्नडमध्ये ओरडले, "होरग नडीरी!" मालाचे रिकामे ट्रे त्यांनी एकेकाच्या डोक्यावर दिले आणि पाठीला हात लावून बाहेर ढकललं.

आवारात कुणीतरी म्हणालं, म्हातारा रिक्षावाला दिसत नाही, मागं संडासाकडे गेला होता. अण्णा ट्रे न घेता आत परतले. आधी मधली पन्हळ खाली आली, मग दोन्ही बाजूंचे पत्रे.

गारा थांबल्यावर आम्ही माणसं मोजली. रिक्षावाल्याला धरून एकवीस भरली. तो मागच्या दारानं आधीच बाहेर पडला होता.