मंडलीची परीक्षा

मंडलीचा फॉर्म पुन्हा आला आहे. ह्यांनी तो आणून फ्रिजवर ठेवला, त्याच्यावर मुलीचा डबा ठेवला आणि आंघोळीला गेले. गेल्या वर्षी हाच फॉर्म घरात आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी बसने मुनिरक्याला गेले होते. तिथे परीक्षा देणारी मुलं खोल्या घेऊन राहतात, त्यांच्या गल्लीतल्या एका दुकानातून मुलाखतीच्या तयारीचं जुनं पुस्तक, दोन वह्या आणि एक लाल पेन घेऊन आले होते. यंदा मी कुठेही गेलेले नाही.

माझे यजमान लष्करात हवालदार आहेत. आम्ही दिल्ली छावणीतल्या क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतो. ह्यांच्या हाताखाली दहा जवान आहेत. वरचा हुकूम खाली पोचवायचा आणि खालची अडचण वर न्यायची, असं ते स्वतःचं काम दोन वाक्यांत सांगतात.

ह्यांच्या युनिटमध्ये निवडक हवालदारांची एक मंडली आहे. कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण सगळे नुसतं मंडलीच म्हणतात. तिच्यात सात जण असतात. मंडलीत गेल्याने पगार वाढत नाही, बढती मिळत नाही. बड्या खान्याला, म्हणजे युनिटच्या मोठ्या पंगतीला, ब्लेझरवर लावायला एक पितळी बिल्ला मिळतो. गावाकडे फोनवर सांगितलं तर माझा भाऊ हसला. म्हणाला, "ताई, बिल्ला तर एसटीच्या कंडक्टरलाही असतो. त्याला निदान तिकिटं तरी फाडायला मिळतात."

त्याला कसं सांगणार? सहा वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच दिल्लीत आलो आणि हे लगेच सीमेवर गेले. मुलगी आठ महिन्यांची. एका दुपारी तापाने तिला झटका आला. मला धड हिंदी येत नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बाईचं दार ठोठावलं. तिने एक फोन केला आणि थोड्याच वेळात टक्कल पडलेला एक उंच माणूस स्कूटरवरून आला, मागे त्याची बायको. त्यांनी रिक्षा केली, आम्हाला इस्पितळात नेलं. पुढचे तीन दिवस त्या बाईने माझ्यासाठी खिचडी आणली. मी त्या माणसाला विचारलं, "तुम्ही ह्यांना ओळखता का?" ते म्हणाले, "नहीं बहन. आपका क्वार्टर हमारी लिस्ट में है."

ज्यांचे पुरुष बाहेर आहेत अशा घरांची यादी. मंडलीतले हवालदार ती आपापसांत वाटून घेतात. ते टक्कलवाले गढवाली भाईसाहब मंडलीतले सगळ्यात जुने, आणि गेल्या वर्षी ह्यांचं नाव त्यांनीच पुढे केलं. त्यांच्या बायकोला मी तेव्हापासून दीदी म्हणते.

म्हणून मला तो बिल्ला हवा होता. थोडा मानासाठीही हवा होता, ते नाकारत नाही. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. तालुक्याच्या शाळेत आम्हाला एक बाई होत्या, स्वतःच्या घरी बसवून फुकट शिकवायच्या. परीक्षेआधी माझे हात गार पडायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "भीती वाटली की उजळणी कर." त्या एका वाक्यावर मी बी.ए. झाले. अजूनही भीती वाटली की मला उजळणीच सुचते.

मंडलीत जायचं तर बोर्डासमोर बसावं लागतं. सूबेदार मेजर साहेब आणि मंडलीतले लोक प्रश्न विचारतात. एवढं ऐकलं आणि मी घराची शाळा केली. नोव्हेंबर होता, हवा इतकी खराब की मुलांच्या शाळा बंद. खिडक्यांच्या फटींत मी ओले टॉवेल कोंबले होते. मुलगी कंटाळून घरभर फिरायची आणि हे मागच्या खोलीत टेबलाशी बसून माझी वही पाठ करायचे. शस्त्रांची माहिती, चालू घडामोडी, चांगल्या नेत्याचे सात गुण. चुकलं की मी लाल पेनाने खूण करायची.

"मॅडम, जरा पाणी पिऊन येऊ का?" हे मुद्दाम विचारायचे.

"आधी पाचवा गुण सांगा."

"तहान सहन करणे."

मुलगी खिदळायची. म्हणायची, "मम्मी, पप्पा फेल होणार, बिल्कुल फेल." आणि मी वहीत आणखी एक पान लिहायला घ्यायची.

बोर्ड शनिवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. आमच्या क्वार्टरला लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार आहे. लाकडी दार उघडून मी जाळीतून पाहिलं. ह्यांच्याच हाताखालचा एक जवान होता, अलवरकडचा, लग्नाला वर्ष झालेला. साध्या कपड्यांत, हातात मोबाईल घट्ट धरलेला. ह्यांचे जवान ह्यांना उस्तादच म्हणतात.

"भाभीजी, उस्ताद हैं?"

हे त्याच वेळी आत मोठ्याने गुण म्हणत होते. तिसऱ्यावर नेहमीप्रमाणे अडखळले होते. उठले की तासभर गेला, हे मला माहीत होतं.

"नहीं हैं," मी म्हणाले. "कल युनिट में मिल लेना."

त्याने खाली पाहिलं. दाराशी ह्यांचे बूट होते. आतून ह्यांचा आवाज येत होता, चौथा गुण, पाचवा गुण. जवानाने परत माझ्याकडे पाहिलं नाही. "जी, भाभीजी. कोई बात नहीं," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

"कोण होतं?" ह्यांनी आतून विचारलं.

"कोणी नाही. पुढचं म्हणा."

खोटं किती सहज निघालं, याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते मंगळवारी. जेवताना हे म्हणाले, "अलवरवाला दोन दिवस गप्प आहे. विचारलं तर 'ठीक हूँ उस्ताद' म्हणतो." मी पोळी वाढली. सांगावं असं वाटलं. मग वाटलं, शनिवारपर्यंत थांबू, डोक्यात आणखी काही नको. पण रात्रंदिवस ते बूट डोळ्यांसमोर येत राहिले. ते मी आत का घेतले नाहीत, असा विचार मनात आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे मला खोटं बोलल्याचं नाही, पकडले गेल्याचं वाईट वाटत होतं.

बुधवारी दुपारी कॅन्टीनच्या रांगेत दीदी भेटली. "अगं, तयारी कशी चाललीय तुझ्या विद्यार्थ्याची?" तिने हिंदीत विचारलं. मी वह्यांचं सांगितलं. ती हसली, मग थांबली. म्हणाली, "वह्या ठीक आहेत. पण उद्या त्याच्या हाताखालच्या पोरांना मंडली चहाला बोलावते, ते माहीत आहे ना? एकेकाला. सगळ्यांना एकच प्रश्न. शेवटची अडचण आली तेव्हा तू तुझ्या हवालदाराकडे गेलास का, आणि काय झालं? मग शनिवारी तेच हवालदारालाही विचारतात."

माझ्या हातातली पिशवी खाली ठेवली मी. सातशे ओळी लिहिल्या होत्या, हा प्रश्न कुठे नव्हता. आणि त्याचं उत्तर आमच्या घरात फक्त मला माहीत होतं.

घरी आले. हे पाच वाजता आले. चहा पुढे ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. रविवार, टकटक, मी काय बोलले. ह्यांनी मध्ये एकच विचारलं, "माझे बूट बाहेर होते?"

"होते."

"आणि मी आत ओरडत होतो."

"हो."

मला वाटलं रागावतील. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "सहापासून त्याची गार्ड ड्यूटी आहे," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून बुटांत पाय घालून निघाले. नाड्या जिन्यात बांधल्या असतील.

गार्ड ड्यूटी म्हणजे एकटा माणूस आणि हातात रायफल. हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं छावणीत राहिलेल्या बाईला माहीत असतं की गप्प झालेल्या जवानाला त्याचा हवालदार एकटा का सोडत नाही. मी खिडकीतला टॉवेल काढून बाहेर बघत बसले. धुरक्यात समोरची इमारतही दिसत नव्हती. मुलगी म्हणाली, "मम्मी, धूर आत येतोय." मी टॉवेल परत लावला आणि परत काढला. फोन करायची हिंमत होत नव्हती. शेवटी साडेसहाला ह्यांचाच आला. "ड्यूटी बदलली. माझ्यासमोर बसलाय. जेवूनच येतो त्याच्याबरोबर." मी ह्यांचा गार झालेला चहा ओतून टाकला.

आल्यावर ह्यांनी सांगितलं. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. बाळ पोटातच गेलं. शनिवारी. ती गावी, हा इथे. रविवारी तो रजेसाठी आमच्या दारात आला होता. मग त्याला वाटलं, उस्तादच भेटायला तयार नाहीत तर कोणाला काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पीटीआधीच हे कंपनी कमांडर साहेबांकडे गेले आणि आठ वाजता त्याला स्वतः अलवरच्या बसमध्ये बसवून आले. म्हणजे गुरुवारच्या चहाला तो नव्हताच. बाकीच्या नऊ जणांनी चांगलं सांगितलं असणार, कारण खरंच चांगलं होतं.

आता लिहिते ते लिहायला नको वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी ह्यांच्या ब्लेझरला इस्त्री करताना मी म्हणाले, "अहो, तो तर गावी आहे. मग आता कोण सांगणार?"

ह्यांनी इस्त्री झालेला ब्लेझर हँगरला लावला आणि मुलीचा अभ्यास घ्यायला बसले.

शनिवारी हे अकराला गेले आणि दीडला आले. "अगले साल," म्हणाले. पुढच्या वर्षी बघू. आणि दहीभात मागितला. काय झालं ते चार दिवसांनी दीदीकडून कळलं. शस्त्रांचे प्रश्न, बातम्या, सगळं छान झालं. मग सूबेदार मेजर साहेबांनी तो प्रश्न विचारला. हे म्हणाले, "साहब, पिछले इतवार मेरा जवान मेरे दरवाज़े से लौट गया. मैं घर पर था." कोणी परत पाठवलं, असं विचारलं तर एवढंच म्हणाले की दार माझं आहे.

"तुझं नाव नाही घेतलं," दीदी म्हणाली. "पण मला कळलं." मग तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनाही पहिल्या वर्षी परत पाठवलं होतं. कशावरून ते विचारू नकोस."

मी खूप रडले तेव्हा. बिल्ला गेला म्हणून नाही. सहा वर्षांपूर्वी मी खालच्या मजल्यावरचं दार ठोठावलं होतं, तेव्हा ते उघडलं होतं. त्या उघडण्यामागे सात माणसं आणि एक यादी होती. मंडली कशासाठी असते हे ह्या अख्ख्या इमारतीत माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि मीच जाळीच्या आत उभी राहिले.

डिसेंबरात तो जवान रजेवरून परतला. त्या रविवारी सकाळी हे भाजी आणायला गेले होते. टकटक झाली. लाकडी दार उघडलं, तर जाळीपलीकडे तोच उभा. हातात अलवरच्या मिल्ककेकचा डबा. बारीक झाला होता.

"भाभीजी, उस्ताद हैं?"

हे खरोखरच घरी नव्हते. त्याची नजर खाली गेली. बूट नव्हते तिथे, पण बूट आत घेता येतात, हे त्यालाही कळत असणार. नहीं हैं, हेच दोन शब्द माझ्याकडे होते, आणि तेच मी त्याला आधी दिले होते. आता ते खरे होते आणि त्याने ते का मानावेत?

मी काही न बोलता आधी जाळीच्या दाराची कडी काढली. ती कडक आहे, दोन्ही हात लावावे लागले. दार पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत.

"बाज़ार गए हैं," मी म्हणाले. "आप अंदर आइए. बैठिए."

तो घुटमळला. मग चपला काढून आत आला आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसला. मी चहा टाकला. तेवढ्यात मुलगी आली आणि डब्याकडे बघत म्हणाली, "अंकल, यह हमारे लिए है?" मी तिला डोळे वटारले. तो हसला, थोडासा. त्याच्या बायकोबद्दल विचारावं की नाही, हे मला कळत नव्हतं. शेवटी विचारलं. "ठीक है, भाभीजी," म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने, "पूरी ठीक नहीं है."

उजळणीत असलेलं काहीच तिथे उपयोगी नव्हतं. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिले. जाळीचं दार उघडंच होतं, जिन्यातला धूर आत येत होता, आणि खालून ह्यांच्या बुटांचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.